थुंकीचा आळ

भोंगामास्तरांवर आळ आला तो सकाळी, ऐन सरावात.

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत, खिडकीशी उभे राहून ते ट्रंपेट वाजवत होते. शहराच्या बँडमध्ये ते बरीच वर्षं होते, शिवाय घरी मुलांना शिकवत, म्हणून चौकातले लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे भोंगा. एक लांब सूर त्यांनी धरून ठेवला होता, गाल फुगले होते, डोळे मिटले होते आणि तेवढ्यात खालून त्याहून वरचा सूर आला.

"अहो भोंगावाले! जनाची नाही तर मनाची तरी?"

मास्तरांनी डोकं बाहेर काढलं. खाली लाँड्रीवाल्या वहिनी उभ्या होत्या. तीन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे करून मधे जो चौक उरला होता, त्याच्या एका कोपऱ्यात त्यांची लाँड्री होती आणि उरलेल्या चौकभर दोऱ्या. दोऱ्यांवर जवळच्या लॉजच्या पांढऱ्याशुभ्र चादरी. वहिनींचा एक हात कमरेवर होता आणि दुसऱ्या हातात एका चादरीचं टोक, पुरावा म्हणून उंच धरलेलं.

"काय झालं?"

"वरून चादरीवर थुंकायचं आणि वर मलाच विचारायचं काय झालं! हे बघा, ठिपके! आत्ता वाळत घातली होती मी ही!"

आता यात मास्तरांची पंचाईत अशी होती, की ट्रंपेटमध्ये फुंकता फुंकता आत पाणी साचतं. ते काढायला नळीखाली एक छोटी झडप असते. मास्तर ते पाणी खिडकीत ठेवलेल्या जुन्या डब्यात काढत. पण खिडकीत उभं राहून ट्रंपेट उलटं करून झटकताना त्यांना चौकातल्या प्रत्येकाने पाहिलेलं होतं.

"मी डब्यात काढतो, वहिनी! डब्यात!"

"मग हे काय ढगातून पडलं?"

मागे शिवणयंत्रावर मास्तरांची बायको एका ब्लाउजची बाही जोडत होती. ती शिवणकाम करायची आणि तिची जीभ तिच्या सुईइतकीच टोकदार होती. ती तिथूनच ओरडली, "वहिनी, यांचा नेम इतका चांगला असता, तर आमचा कचरा टोपलीत नसता का पडला?"

चौकात दोन-चार जण हसले. वहिनी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खिडकी बंद करून सराव केला. चादरींवर ठिपके पडलेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरावच केला नाही. तरी ठिपके पडले आणि वहिनींनी निष्कर्ष काढला, की माणूस आता वाजवल्याशिवायच थुंकायला लागला. ही गोष्ट बँडपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तालमीला मास्तर दिसले, की ढोलवाले छत्री उघडत.

एरवी मास्तरांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण नुकतंच त्यांना पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत बसवलं होतं. दम पूर्वीसारखा पुरत नाही, असं बँडच्या प्रमुखांचं म्हणणं. दम गेला म्हणून मागे बसवलेल्या माणसावर थुंकल्याचा आळ! त्यांना तो फार जिव्हारी लागला. त्यांनी खाली जाऊन वहिनींना सांगितलं, "काय वाटेल ते करा, पण याचा एकदाचा छडा लावा."

"लावतेच," वहिनी म्हणाल्या. "माझ्या वन्सं संग्रहालयात आहेत. भिंग असतं त्यांच्याकडे. थुंकी कोणाची आहे, सांगतील त्या."

वहिनींच्या नणंदबाई संग्रहालयाच्या कीटक विभागात होत्या, थुंकीच्या विभागात नव्हे. पण भिंग ते भिंग. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. खांद्याला पिशवी, केसांच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि चालणं असं की जमिनीवर काहीतरी पडलंय आणि ते आपल्याला आधी दिसायला हवं. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, म्हणून मग हळूहळू सगळा चौकच त्यांना वन्सं म्हणू लागला.

चादर पुढे आली. वन्संनी ओला ठिपका भिंगातून पाहिला. मग हुंगला. मग त्यावर बोट टेकवून ते बोट सरळ जिभेला लावलं.

"ई!" सगळा चौक एका सुरात म्हणाला.

"थुंकी नाही ही," वन्सं म्हणाल्या. "नुसतं पाणी आहे. झाडाचं."

आणि त्यांनी वर पाहिलं.

चौकाच्या मधोमध एक वाकडं झाड होतं. ते कोणी लावलेलं नव्हतं, इमारतींच्या आधीपासूनचं. इमारती बांधणाऱ्यांनी ते का ठेवलं हेही कोणाला माहीत नव्हतं. बारीक, खरखरीत पानं, ना धड फूल ना फळ. वहिनींनी त्याच्या बुंध्याला दोऱ्या बांधल्या होत्या, एवढाच त्याचा उपयोग.

"स्टूल आणा," वन्सं म्हणाल्या.

मास्तर धावत गेले आणि शिकवणीचं उंच स्टूल घेऊन आले. वन्सं त्यावर चढल्या. कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत, देठांच्या कुशीत, पांढऱ्या फेसाचे गोळे होते. साबणाच्या फेसासारखे, करंगळीच्या पेराएवढे. एका मोठ्या गोळ्यातून थेंब ओघळत होता. तो लांबला, सुटला आणि वहिनींच्या चादरीवर पडला.

"हा घ्या तुमचा थुंकणारा," वन्सं म्हणाल्या.

मास्तरांनी चौकाकडे सुवर्णपदक मिळालेल्या माणसासारखं पाहिलं. पण वहिनी तयार होत्या. "फेस तर फेस. फेस काय आपोआप येतो? आत कोण आहे?"

"फेसकिड्याचं पिल्लू," वन्सं म्हणाल्या आणि गवताची एक काडी मागून घेतली. "साधा किडा आहे, बागेबागेत असतो. परदेशी रोपांबरोबर आलेला. दिसेल त्या झुडपावर बसतो. आत हिरवं, मऊ पिल्लू असतं. थांबा, दाखवते."

त्यांनी काडीने फेस हलकेच बाजूला केला.

आत बसलेलं पिल्लू हिरवं नव्हतं. त्याचं पोट शेंदरी होतं आणि डोकं काळं कुळकुळीत.

वन्संनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पदराने पुसलं, पुन्हा लावलं. स्टूल डुगडुगायला लागलं. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"वन्सं, चक्कर येतेय का?" वहिनींनी विचारलं.

"हा तो नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "अगं, हा तो नाही! हा इथला आहे!"

त्या खाली उतरल्या आणि बोलायला लागल्या, ते सगळ्यांकडे आलटून पालटून बघत, हात हलवत. संग्रहालयाच्या एका खणात टाचण्यांवर लावलेले मूठभर किडे आहेत. फार पूर्वी कोणीतरी याच भागात पकडलेले. याच मातीतली जात, दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. नंतर शहर वाढलं, बाहेरचा किडा आला, आणि हा दिसेनासा झाला. त्याची पिल्लं कशी दिसतात, कुठल्या झाडावर वाढतात, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आमच्या खणात सगळे म्हातारेच आहेत," वन्सं म्हणाल्या. "बाळ एकही नाही. आणि ही त्यांचीच बाळं असतील तर..."

"असतील तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर इतकी वर्षं ती तुमच्या डोक्यावर बसलेली होती!"

"डोक्यावर नाही, चादरींवर," वहिनी म्हणाल्या.

पण वन्संना घाई करून चालणार नव्हतं. काळ्या डोक्याची पिल्लं आणखीही कुठल्या जातीची असू शकतात. यातलं एखादं डोळ्यांदेखत मोठं झालं, त्याला पंख फुटले, आणि ते खणातल्यांशी जुळलं, तरच छातीठोकपणे सांगता येणार होतं. बहुतेक पिल्लं अजून लहान होती. एकच चांगलं भरलेलं होतं, पाठीवर पंखांच्या कळ्या दिसत होत्या: खालच्या फांदीवरचं, तेच थेंब गाळणारं.

"रविवारी फांद्या छाटणारा येतोय," वहिनींनी सांगून टाकलं. "मी बोलावलंय त्याला."

"वहिनी!"

"लॉजवाला चादरी परत पाठवतो, वन्सं. त्याला काय सांगू? किडा खानदानी आहे?"

वन्सं खूप समजावत राहिल्या. शेवटी ठरलं ते एवढंच, की रविवारपर्यंत कोणी झाडाला हात लावायचा नाही. त्यानंतर वहिनी कोणाचं ऐकणार नव्हत्या.

मास्तरांच्या बायकोने जुन्या मच्छरदाणीची एक पिशवी शिवली, उशीच्या अभ्र्यासारखी, तोंडाला नाडी. ती त्या फांदीवर चढवून दोन्हीकडून बांधली, म्हणजे पक्षी टोचणार नाही आणि पंख फुटल्यावर किडा पसारही होणार नाही. वन्संना रोज संग्रहालयात जायचं होतं. त्यांनी भिंग मास्तरांच्या हाती दिलं.

"लक्ष ठेवाल?"

"वन्सं, याने माझी अब्रू घालवली होती," मास्तर म्हणाले. "मी याच्यावरची नजर काढणार नाही."

आणि खरंच नाही काढली. शिकवणी संपली, की ते स्टुलावर. तालमीहून आले, की ते स्टुलावर. पहिल्या दिवशी त्यांना नुसता फेस दिसला. मग हळूहळू नजर बसली आणि आतलं दिसू लागलं. पिल्लू डोकं खाली करून बसलेलं, सोंड फांदीत रुतलेली. फेसातून शेपटाचं टोक वर यायचं, बाहेरची हवा घ्यायचं, आत जायचं, आणि आत एक नवा बुडबुडा तयार व्हायचा. पुन्हा वर, पुन्हा आत, पुन्हा बुडबुडा.

संध्याकाळी वन्सं आल्या, की मास्तर प्रश्नांची सरबत्ती करत.

"इतकं पितो कशाला पण?"

"त्याला दुसरा इलाज नाही. झाड मुळांतून जे पाणी वर ओढतं ना, त्याच नळीत याने सोंड घातलीय. त्या पाण्यात पोषण नावालाच. पोट भरायचं तर दिवसभर ढोसायचं आणि दिवसभर सोडायचं. त्याच पाण्यात हवा भरून हा फेस करतो."

"फेस कशासाठी?"

"घर आहे त्याचं. अंग इतकं मऊ, की उन्हात तासाभरात सुकून मरेल. फेसात गारवा राहतो. मुंगी आली तर तिला नकोसं होतं. पक्ष्याने चोच घातली तर तोच चोच पुसत बसतो."

"म्हणजे हा दिवसभर फुंकत बसतो."

"फुंकतोच म्हणा."

"अगं ऐकलंस का!" मास्तर वर खिडकीकडे बघून ओरडले. "हा आमच्याच धंद्यातला आहे!"

"ऐकलं!" वरून बायकोचं उत्तर आलं. "फक्त हा मागून फुंकतो!"

या वेळी वहिनीसुद्धा हसल्या, पण इस्त्रीकडे तोंड करून.

मास्तरांना मात्र त्या बुडबुड्यांचं वेडच लागलं. एक मुंगी खरंच फेसापर्यंत आली, मिशा बुडवल्या, आणि त्या झटकत, पाय पुसत अशी परतली, की मास्तर स्टुलावर उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागले. एके दिवशी जोराचा वारा सुटला, फेस अर्धा उडाला, पिल्लू उघडं पडलं. मास्तरांचा जीव टांगणीला. पण ते हललं नाही. तसंच खाली डोकं घालून एकेक बुडबुडा जोडत राहिलं, आणि सगळी फांदी डुलत असताना त्याने आपलं घर पुन्हा उभं केलं. त्या संध्याकाळी मास्तरांनी बऱ्याच दिवसांनी खिडकी उघडली आणि पोटभर वाजवलं.

शनिवारी सकाळी ते खाली आले, तर फेस मेलेला.

दुसरा शब्द त्यांना सुचेना. ओलसर चकाकी गेली होती. बुडबुडे हलत नव्हते. वरून एक कोरडा, मळकट पापुद्रा धरला होता आणि थेंब गळायचा थांबला होता. बायको खाली आली, तिने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "संपला वाटतं बिचारा."

मास्तरांनी वन्संना फोन लावला. वन्सं नेमक्या संग्रहालयाच्या कामाने परगावी गेल्या होत्या आणि परतीच्या बसमध्ये होत्या.

"वन्सं, फेस वाळला हो. हलत नाही काही."

पलीकडून वन्सं इतक्या मोठ्याने ओरडल्या, की मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला. "मेला नाही तो! मेला नाही! शेवटची कात टाकायची वेळ आली, की फेस करायचं थांबवतो! वरचा थर वाळून घुमटी होते, आत कोरडी खोली. आत कपडे बदलतोय तो! कोणी हात लावू नका! मी येतेय! अहो कंडक्टर, ही बस जरा पळवा ना!"

मास्तर आणि बायको दोघंही एका स्टुलाच्या दोन बाजूंना टाचा उंचावून उभे राहिले. थोड्या वेळाने मागून वहिनींचा आवाज आला. "मी चादरी काढायला आलेय."

"चादरी ओल्या आहेत अजून," बायको म्हणाली.

"मग वाळेपर्यंत थांबते," वहिनी म्हणाल्या आणि त्याही टाचा उंचावून उभ्या राहिल्या.

भिंग हातोहात फिरत होतं. घुमटीला एका बाजूने भोक होतं आणि आतलं दिसत होतं. पिल्लाच्या पाठीवर एक चीर पडली. चीर रुंदावली. तिच्यातून काहीतरी फिकट, दुधाळ, ओलं असं वर सरकू लागलं. आधी पाठ आली, मग डोकं. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक पाय सुटला, दुसरा सुटला, आणि मागचे लांब पाय काढताना ते सगळंच्या सगळं मागे झुकलं, आता पडतं की काय असं.

"सावकाश रे बाबा," वहिनी कुजबुजल्या. "सावकाश. कोणी घाई नाही लावली तुला."

मास्तर आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. वहिनींच्या तोंडून 'घाई नाही' हे शब्द चौकाने प्रथमच ऐकले होते.

तो बाहेर आला. जुनी कात मागे रिकामी उरली, पोकळ, सोंडेसकट. भिजलेल्या कागदासारखे चुरगळलेले पंख हळूहळू ताणले गेले, पाठीवर छपरासारखे मिटले. मग रंग यायला लागला. दुपारपर्यंत दुधाचा झाला फिका चहा, चहाची झाली वीट, आणि त्या विटेवर, पंखांवरून तिरपी, एक पांढरी रेघ उमटली.

फोन वाजला. वन्सं. "रेघ आहे का? तिरपी? फोटो पाठवा!"

मास्तरांनी फोटो काढला. मच्छरदाणीतून काहीच नीट येईना. नुसती जाळीच जाळी. पुन्हा काढला. पुन्हा जाळी. "थोडीशी नाडी सोडतो," ते म्हणाले. बायको म्हणाली, "नको." तोवर नाडी सुटलेली होती.

टक्!

इतकंच. नखाने पत्रा टिचकावा तसा बारीकसा आवाज, आणि पिशवी रिकामी. कोणाला काही दिसलंच नाही. मधला प्रवासच नव्हता, आत्ता होता आणि आत्ता नाही. मास्तर एका हातात मोकळी जाळी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभे. फोनमधून वन्सं विचारत होत्या, "आला का फोटो? आला का?"

"उडाला," मास्तर म्हणाले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं.

"पाय हलवायचा नाही कोणी!" वहिनी गरजल्या. "पायाखाली येईल! जिथे आहात तिथेच!"

आणि त्यांनी जे केलं ते पाहून बायकोने तोंडावर हात ठेवला. वहिनींनी हात लांब करून दोरीवरची चादर खेचली आणि थेट जमिनीवर, चौकाच्या धुळीत, पसरली. मग दुसरी. मग तिसरी. लॉजच्या, स्वच्छ, नुकत्याच निळीतून काढलेल्या.

"वहिनी, मळतील!"

"मळू देत. धुवायला मी बसलेय ना! आता ती फांदी हलवा. हळू!"

मास्तरांनी फांदी हलवली. पांढऱ्या चादरीवर झाडावरची सगळी बिऱ्हाडं टपटपली: मुंग्या, एक अळी, एक कोळी, वाळकी पानं. तो नव्हता. दुसरी फांदी. पानं, आणखी एक कोळी. तिसरी.

टक्! पांढऱ्यावर एक विटकरी ठिपका.

"तो!" तिघंही एकदम.

मास्तर वाकले. टक्! ठिपका शेजारच्या चादरीवर. बायको गुडघ्यावर बसली. टक्! तिच्या खांद्यावरून पलीकडे. तांदळाच्या दाण्याएवढा जीव आणि उडी माणसाच्या कमरेएवढी! मास्तर हसायला लागले, त्यांना थांबताच येईना. धावताहेत, वाकताहेत, हसताहेत. वरच्या खिडक्यांतून लोक ओरडायला लागले, "डावीकडे! दोरीखाली! मास्तर, मागे!" आणि तो बसला शेवटच्या चादरीच्या अगदी काठावर, पलीकडे गटाराची जाळी. आणखी एक उडी आणि संपलं.

वहिनी हातात चहाचा रिकामा ग्लास घेऊन चादरीवर सरळ पोटावर आडव्या झाल्या. एवढी मोठी बाई, पण हालचाल अशी, की मांजरीने पाहून घ्यावी. हात पुढे सरकला. सरकला. थांबला.

ग्लास टेकला.

"घावला!" वहिनी आडव्या आडव्याच ओरडल्या, आणि तिन्ही इमारतींतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

वन्सं आल्या त्या धावतच. बस कोपऱ्यावर सोडून. चिखलाच्या चपलांसकट त्यांनी चादरीवर गुडघे टेकले आणि वहिनी काही म्हणाल्या नाहीत. ग्लासाच्या आत तो बसला होता, पाय दुमडून, नाक वर करून, एखाद्या इवल्याशा बेडकासारखा. वन्संनी भिंग लावलं. त्या रेघ बघत होत्या, मागच्या पायांवरचे काटे बघत होत्या, पुन्हा रेघ बघत होत्या.

"तोच आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या मागे टेकून बसल्या आणि एकाच वेळी हसायला आणि डोळे पुसायला लागल्या. "खणातले सगळे करडे आहेत गं. उडालेल्या रंगाचे. मी जन्मभर याला करडाच समजत आले. आणि हा... हा बघ ना! हा तर तांबडा आहे!"

वहिनी उठल्या, अंगावरची धूळ झटकली, आत गेल्या आणि फोन उचलला. आवाज चौकभर ऐकू येत होता. "उद्या येऊ नका. नाही, झाडाला काही झालं नाही. नाही, पुढच्या रविवारीही नको. अहो, झाडावर बिऱ्हाड आहे, लहान मुलं आहेत घरात! माणुसकी आहे की नाही तुम्हाला?"

चादरींचं काय झालं, तर वहिनींनी त्या पुन्हा धुतल्या. दोऱ्या झाडाखालून काढून पलीकडच्या भिंतीला नेल्या, आणि जी एक दोरी हलवता येईना, तिच्यावर मास्तरांच्या बायकोने मेणकापडाचं छप्पर शिवून दिलं. थुंकीच्या आळाबद्दल वहिनी मास्तरांना चकार शब्द बोलल्या नाहीत. पण सोमवारी सकाळी त्यांनी मास्तरांचा बँडचा गणवेश मागून नेला आणि संध्याकाळी स्वतः तीन जिने चढून आणून दिला. त्याची इस्त्री अशी होती, की बाहीच्या कडेने भाजी चिरता आली असती.

पुढच्या आठवड्यांत झाडावरचे बाकीचे फेसही एकेक करून वाळले आणि पानापानांवर विटकरी ठिपके दिसू लागले. मोठे झाल्यावर ते फेस करत नाहीत. आता घराची गरज नाही, उडी आहे. वन्सं रोज यायच्या. त्यांच्या बरोबर कधी संग्रहालयातले लोक यायचे, स्टुलासाठी रांग लागायची. वहिनी रांगेवर लक्ष ठेवायच्या आणि ढकलाढकली करणाऱ्या प्राध्यापकांना मागे पाठवायच्या.

एका संध्याकाळी वन्सं मास्तरांना म्हणाल्या, "यांचे भाईबंद आहेत ना दुसरीकडचे, ते म्हणे गातात."

मास्तर ताडकन उठले. "गातात? मग मला कसं नाही ऐकू आलं?"

"हवेत नाही गात. पोटाकडचा भाग थरथरवतात, ती थरथर पायांतून फांदीत जाते. दुसरा फांदीवर बसलेला ती पायांनीच ऐकतो. आपल्या कानांना काही नाही. आपला गातो की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. टाचणीवरचा काय गाणार!"

मास्तर तडक निघून गेले. परत आले ते बँडमध्ये बेस हे मोठं तंतुवाद्य वाजवणाऱ्याकडून एक चिमटा घेऊन. तो वाद्याच्या लाकडाला लावायचा, म्हणजे लाकडातली थरथर तारेतून यंत्रात जाते आणि कानात ऐकू येते. त्यांनी तो चिमटा झाडाच्या कोवळ्या फांदीला लावला. फांदीच्या टोकाला दोन विटकरी ठिपके बसलेले होते. मास्तरांनी हेडफोन कानांवर चढवले, आवाज वाढवला आणि डोळे मिटले.

आधी नुसती खरखर. मग टपटपटप, घोड्यासारखं काहीतरी दौडत गेलं. "मुंगी!" मास्तर म्हणाले. "मुंगी चालतेय!" मग वाऱ्याची घरघर. मग काहीच नाही. वन्सं स्टुलाच्या पायथ्याशी बोटं चावत उभ्या. मास्तरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आधी कपाळ, मग तोंड.

"काय? काय येतंय?"

"थांबा... दुर्रर्रर्र... दुर्रर्रर्र... मग दोन ठोके... आणि पुन्हा दुर्रर्रर्र. वन्सं, हा ताल सोडत नाहीये! काय दम आहे याचा!"

वन्संनी हेडफोन जवळजवळ हिसकावलेच. त्या ऐकत राहिल्या, ओठ घट्ट मिटून, हाताने हवेत ठोके देत. मग बायकोने ऐकलं आणि पहिल्यांदाच तिला काही खोचक सुचलं नाही. मग पाळी वहिनींची.

वहिनी ऐकायला लागल्या आणि ऐकतच राहिल्या. लाँड्रीत इस्त्री तापलेली होती, गिऱ्हाईक दारात उभं होतं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, झालं का?" वहिनींनी हात वर केला. मास्तर म्हणाले, "वहिनी, जरा मला..." वहिनींनी दुसराही हात वर केला. अचानक त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी मास्तरांचं मनगट गच्च धरलं.

"हा थांबलाय," त्या कानात आवाज असल्यामुळे नको तेवढ्या मोठ्याने ओरडल्या. "पण दुसरं कोणीतरी बोलतंय! बारीक! लांबून! अहो, त्याला उत्तर आलं! वन्सं, उत्तर आलं!"

वन्सं तोवर उत्तर देणारा शोधायला स्टुलावर चढलेल्याही होत्या.